सहावं घर

काडतुसं आधी नामशेष झाली.
बिबटे अजून आहेत,
परवाच एक सातपूरच्या कारखान्यात शिरला
आणि कँटीनच्या पत्र्याखाली दिवसभर झोपून गेला.
पण दादांच्या रिव्हॉल्व्हरला लागणारी
ती जाड, ठेंगणी काडतुसं आता कुणी घडवत नाही.
डब्यात तीन उरली होती,
देव्हाऱ्यात विसरलेल्या पळीसारखी हिरवी पडलेली.

"बोअर बदलून घ्या," सलाउद्दीन कोकणी म्हणाले.
दुकान दहीपुलाच्या उतारावर,
शेजारी तांबट हंड्याला ठोके देत बसलेला,
त्यामुळे आमचं सगळं बोलणं
दोन ठोक्यांच्या फटीतलं.
"नळीला अस्तर घालू. घरांनाही.
बापाचा कोट
ठक्
लेकीला बेतून द्यायचा, एवढंच.
बाहेरून तोच राहील.
ठक्
आतून बारीक."

कलेक्टर कचेरीत अकरा आठवडे गेले.
खैरनार बाईंनी अर्ज परत केला.
'कारण' या रकान्यात मी लिहिलं होतं : वडिलांचं आहे.
"हे कारण नाही," बाई म्हणाल्या, "हे नातं झालं."
मग लिहिलं : काडतूस मिळत नाही.
यावर शिक्का बसला.
भाऊ फोनवर म्हणाला, पोलिसांत जमा कर, सुटशील.
त्याला खरं कारण सांगता आलं नाही,
रकाना तिथेही तेवढाच होता.

कोकणींनी चक्र बाहेर काढलं,
तेलाच्या फडक्यावर ठेवलं,
डोळ्याला भिंग लावलं
आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.
तांबटही नेमका तेव्हा चहाला गेलेला.

"इकडे या. बघा."
सहा घरं.
पाचांच्या तोंडाशी काळपट, खाल्लेलं लोखंड,
पेठच्या, हरसूलच्या जंगलांत उडालेला सगळा आवाज तिथे साचलेला.
सहावं मात्र कोरं,
कारखान्यातून निघालं त्या दिवशीइतकं.
त्याच्या कडेला कानशीनं केलेली बारीकशी खाच,
अंधारातही अंगठ्याला कळावी म्हणून.

"धात्रक रेंजरसाहेब शिकलेले शिकारी.
घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे.
ठेचकाळलं, पडलं, घासलं,
तरी आपल्यातलं कुणी जाऊ नये."

मी जीपमध्ये त्यांच्या उजव्या कुशीला बसायचे.
सावळघाटाच्या वळणांवर
त्या चामडी पट्ट्याला गाल लावून झोपायचे.
उठल्यावर गालावर बक्कलचा वळ असायचा,
आई तो ओल्या पदरानं पुसायची,
जसा काही पुसला जाणारच होता.

कप ते कधी काठोकाठ भरू द्यायचे नाहीत.
भांडणातही एक शब्द आत ठेवायचे.
आई त्यांना घुम्या म्हणायची.
मीही म्हटलंय, दोनदा तरी,
एकदा तर दवाखान्यात.

"सहाव्यालाही अस्तर घालणार?"
"घालावंच लागतं, बाई. चक्र तोलात हवं."
"घाला. पण ती खाच बुजवू नका."
ते हसले नाहीत. मान हलवली
आणि पावतीच्या मागे लिहून ठेवलं :
खाच राहू देणे.

महिन्याभरानं घेऊन आले.
जुन्या आकड्यावर एक आडवी रेघ, वाचता येईल अशी,
खाली नवा आकडा, लहान.
हातात वजन किंचित जास्त वाटलं.
बारीक झाल्यावर जड कसं होतं,
हे विचारायचं राहिलं.

मेन रोडच्या दुकानात परवाना पुढे केला,
पाच काडतुसं मागितली.
काउंटरवरचा पोरगा मोजता मोजता थांबला.
"मॅडम, सहा बसतात."
"माहीत आहे," म्हटलं,
आणि पुढचा शब्द ओठांपर्यंत आलेला
तसाच आत राहू दिला.