दोन बोटं माया

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याच्या फोटोखाली लिहिलं:
पोहणे. आठवड्यातून तीनदा.
गोळ्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.
गोळ्यांना माप लागत नाही.

राम मारुती रोडवरचं दुकान.
विक्रीवरची पोरगी, छातीवर नावाची पट्टी: दिशिता.
मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा वाचते
आणि थेट काळ्याकडे वळते.
"काळ्यात बारीक दिसतं, मॅडम."
माहीत आहे गं.
सत्तावीस वर्षं मी काळ्यात बारीक दिसतेय,
कुणाला, ते मात्र कळलेलं नाही.
आडव्या रेघा नकोत, मोठी फुलं नकोत,
बाही कोपराखाली, ओढणी अशी
की तिच्यामागे गोदरेजचं कपाट लपावं,
हे सगळं मला पाढ्यासारखं पाठ आहे.
एकोणतीसचा पाढा. अजून धाप लागते.

ट्रायल रूमचा पडदा दोन्ही बाजूंना पुरत नाही.
इकडे ओढला की तिकडून दुकान आत येतं.
पहिला कॉश्च्युम मांडीवरच अडला.
दुसरा चढला, पण खांद्यावरच्या पट्ट्यांनी
लगेच तक्रार नोंदवली
(आणि तक्रारी नोंदवणं हे तर माझं काम,
वागळे इस्टेटच्या वीजबिल खिडकीवर).
तिसऱ्याला खाली झालर.
"झाकायला," दिशिता पडद्याबाहेरून.
झालरीत मी दिसले
लग्नाच्या मांडवाचा सजवलेला खांब.

चौथा वांगी रंगाचा.
छातीखाली चुण्या, पाठ खोल,
मांडीपाशी थोडा वर कापलेला.
मी नाही म्हटलं. मग घालून पाहिला.

आणि आरशात, खरं सांगते, आधी आई आली,
जांभळी नाक्याच्या शिंप्यासमोर उभी:
"माया जास्त सोडा हो, वाढतं अंग आहे."
तो टेप गळ्यात टाकून,
"दोन बोटं सोडतो, वहिनी."
माझ्या प्रत्येक झंपराच्या आत, उलट्या बाजूला,
दोन बोटं माया दुमडून ठेवलेली असायची.
मी वाढले की आई रात्री शिवण उसवायची,
दाढीच्या पात्याने, एकेक टाका,
आणि आतून निघायचं
ऊन न पाहिलेलं, गडद, कोरं कापड.
जेवताना मात्र म्हणायची, भात कमी घे.
दोन्ही एकाच हातांनी.

या कॉश्च्युमला माया नाही.
मी उलटा करून पाहिला.
काठाला चिकटून टाके, आत काही राखलेलं नाही.
ताणला की येतो, सोडला की जातो.
जे आहे ते सगळं बाहेर.

छाती बसली. कंबर बसली. बसली म्हणजे
धरून ठेवलं नाही, दाबलं नाही,
कंबर आहे तिथेच आहे एवढंच म्हणाला.
काखेतून तेवढी एक वळी डोकावून
चौकशी करत होती.
घेतला. किंमत घरी वेगळी सांगितली आहे.

राबोडीत ताहेराआपांनी चष्मा कपाळावर चढवला,
काखेशी कापड चिमटीत धरलं.
"इथं कळी घालते. पण हा रंग माझ्याकडे नाही."
डब्यात होता एक पोपटी तुकडा,
कुणाच्या तरी गॅदरिंगच्या ड्रेसमधून उरलेला, ताणणारा.
"काखेत कोण बघतंय?"
मशीन चाललं, थांबलं, चाललं.
मग तो समोर धरून स्वतःच हसल्या:
"घ्या. आता देठ पण आला वांग्याला."

बायकांची बॅच दुपारी बाराची.
एकीचा टी-शर्ट पाण्यात फुग्यासारखा वर येतो,
ती तो खाली दाबते, तो पुन्हा येतो.
मेधावती नावाच्या सत्तरीच्या बाई
केशरी फुलाफुलांच्या कॉश्च्युममध्ये,
आडव्या रेघांसकट, खोल बाजूला.
माझी पोपटी कळी हात वर केल्याशिवाय दिसत नाही.
शिकवणारी प्रज्योता ओरडते: हात वर, काकू, कानाला लावून.

आज तिसरा आठवडा.
गुडघा अजून दुखतो.
एक हात वर येतो.
दुसऱ्याने अजून काठाची दांडी धरली आहे.