म्हात्रे पुलावर, हातात काही नसताना

एकोणचाळीस दिवस झाले.
ईशानी कॅलेंडरवर हिरव्या पेनाने बरोबरची खूण करते,
मी तिची गणितं तपासायचो, अगदी तशी.
सगळे म्हणतात, कमाल केलीत खैरेसाहेब.
पाणीपुरवठ्यातल्या सातही टेबलांनी मिळून
एक पुष्पगुच्छ दिला.
दोन दिवस फुलांचा वास, मग कुजक्या पाण्याचा.
मला दोन्ही आले.
नाक परत येतं म्हणाले होते. आलं.
चव परत येते म्हणाले होते. तीही आली,
फक्त जेवावंसं वाटणं सोबत आलं नाही.

पहाटे चारला जाग येते.
बंद पंख्याची पाती मोजतो. तीनच असतात.
निर्मला कूस बदलते, माझ्या दंडावर हात ठेवते,
तिला वाटतं तलफ आलीय.
तलफ असती तर बरं होतं.
तलफेला तोंड असतं, पत्ता असतं,
कोपऱ्यावर मल्लप्पाची टपरी असते.
याला काहीच नाही. हे नुसतं पायाशी येऊन बसतं,
ओल्या पोत्यासारखं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं,
हे सोडल्यामुळे आलं,
की आधीपासूनच होतं, धुरामागे?
त्या म्हणाल्या, दोन्ही असू शकतं.
एक गोळी लिहून दिली, अर्धी, रात्री जेवणानंतर,
आणि म्हणाल्या, पुढच्या मंगळवारी नक्की या.
दारापर्यंत गेलो तर पुन्हा म्हणाल्या, नक्की.
चिठ्ठी मी लायटरच्या खिशात ठेवली.
गोळी मात्र आणली नाही.

मला विचाराल तर
हे दुःख माझ्याकडे पगडीवर राहत होतं,
सदाशिव पेठेतल्या जुन्या भाडेकरूसारखं.
व्यवहार तेवढा उलटा:
राहायचं त्याने, भाडं भरायचं मी.
रोजच्या दहा सिगारेटी, बत्तीस वर्षं,
आणि त्यात ते गप्प, मागच्या खोलीत.
आता भाडं थांबवलं
तर दिवाणखान्यात येऊन बसलंय.
चहा मागतं.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
ऑफिस सुटलं की मी म्हात्रे पुलावर
स्कूटर लावून उभा राहायचो.
एक सिगारेट. सात मिनिटं.
खाली मुठा, जलपर्णी,
डीपी रस्त्यावरच्या कुठल्यातरी लॉनवर कुणाचंतरी लग्न.
त्या सात मिनिटांत कितीदा रडलो असेन,
डोळ्यांत धूर गेला म्हणून खपून जायचं.
हातात सिगारेट असली की माणूस
काहीतरी करत असतो.
कुणी थांबत नाही.

परवा तसाच उभा राहिलो, सवयीने,
कठड्यावर दोन्ही हात, दोन्ही रिकामे.
तीन मिनिटंही झाली नसतील.
एक ॲक्टिव्हा पुढे गेली, ब्रेक लागला,
पाय टेकत टेकत उलटी मागे आली.
स्कार्फमधून नुसते डोळे.
"काका, बरं आहे ना?"
हो हो, हवा खातोय, मी म्हणालो.
"इथे?" ती म्हणाली.

मागे हॉर्न सुरू झाले.
एकजण जाता जाता तिला
वाहतुकीचे नियम ऐकवून गेला.
तिने गाडी स्टँडवर लावली.
"मी थांबते जरा. मला काही घाई नाहीये,"
आणि घड्याळात बघितलं.

खोटं बोलत होती. मीही.
दोघं कठड्याला टेकून राहिलो.
ती पाण्याकडे बघत होती
आणि मधूनमधून माझ्या हातांकडे.
मग मी म्हणालो, बरं नाहीये.
एवढंच.
आवाज चिरका निघाला,
खोकल्याशिवायचा माझा आवाज
माझ्या ओळखीचा नव्हता.

तिचं नाव विचारायचं राहिलं.
काल गोळी आणली.
अर्धी करताना उरलेला तुकडा
टेबलाखाली कुठेतरी गेला.
ईशानी टॉर्च घेऊन शोधतेय.
उद्या मंगळवार.