पाणी जायला वाट

अकरा वर्षं मी बियाणं पाकिटात भरते.
टोमॅटो, मिरची, वांगं, दोडका.
दहा ग्रॅम, काटा, सील, पुढचं पाकीट.
पाकिटावरचा टोमॅटो माझ्या मुठीपेक्षा मोठा,
आणि मी आजवर एकही बी
मातीत टोचली नव्हती.

मार्चात चपलेच्या सोलात अडकून
सात-आठ बिया घरी आल्या.
मिरचीच्या. चपट्या, फिकट,
लाल औषध चढायच्या आधीच निसटलेल्या.

खोली एक. खिडकी एक, पूर्वेची.
तिच्यावर गोधडी टांगलेली,
कारण धनराज रोलिंग मिलमध्ये रात्रपाळीला असतो
आणि सकाळी आठला येऊन
अंधार पांघरतो.
घरातला सगळा दिवस त्याच्या झोपेच्या नावावर.

आता कुंडी.
आधी दह्याचा कप घेतला.
शेजारची पद्मीनबाई म्हणाली, "ह्याच्यात काय मुंगी पेरतीस?
मुळाला पाय पसरू दे की माय."
मग रंगाची बादली, वीस लिटरची.
एवढी माती जिन्यानं चढवणार कोण,
आणि भरल्यावर हलवणार कोण.
मग मागच्या उन्हाळ्यात तडकलेला माठ.
तो चांगला होता. पण माठ अंगानं पाणी पितो,
झाडाच्या आधी स्वतः.
आमच्या गल्लीत नळ नवव्या दिवशी येतो.
इतकं तहानलेलं भांडं मला परवडत नाही.

शेवटी मुनाफभाईच्या भंगारात
करडईच्या तेलाचा पत्र्याचा डबा सापडला,
पाच लिटरचा,
कडेला छापलेला सूर्य अर्धा खरवडलेला.
दहा रुपये.
"नीचे छेद मारना बाजी," तो म्हणाला,
"पानी जाने कू रास्ता होना."

खिळा-हातोडी घेऊन बसले.
हात उचलेना.
माझ्या आईनं गळक्या घागरीला
मेण लावलं, डांबर लावलं,
साबणाची वडी घासून घासून झिजवली,
एका टिपक्यासाठी.
आमच्याकडं सून बघायला आले की
भरली कळशी उचलायला लावायचे.
टँकरच्या रांगेत मी शिकले ते एवढंच,
की आधी तळ बघायचा.
आणि आता कुठंच न गळणाऱ्या डब्याचा
तळ मीच फोडू?

नाही फोडला.
अकराव्या दिवशी चार कोंब आले.
मी रोज तांदूळ धुतलेलं पाणी घातलं,
माया आली की अजून एक वाटी.
पंधरवड्यात पानं पिवळी,
मग माना खाली,
मग डब्यातून तुंबलेल्या मोरीचा वास.
तीन गेली.
पाणी जास्त होऊन मेली. जालन्यात.
हे मी कामावर कुणाला सांगितलं नाही.

वासानं धनराज उठला.
डबा बघितला, काही बोलला नाही.
उरलेलं रोप मातीसकट
भाजीच्या पातेल्यात काढून ठेवलं,
डबा पालथा घातला
आणि चटक्यांच्या डागांनी भरलेल्या हातानं
सहा भोकं पाडली, एकेक ठोका जपून,
खालचे लोक झोपलेत म्हणून.
"भट्टीखाली बी नाली असतीया," एवढंच म्हणाला
आणि परत आडवा झाला.

मी तळाशी माठाच्या खापऱ्या मांडल्या.
डब्याखाली जेवणाचं ताट ठेवलं,
झिरपलेलं पाणी परत वर ओतायला.
इतकी मी अजून आईची आहे.

गोधडीचा एक कोपरा आता
सेफ्टीपिनेनं वर टाचलाय.
वीतभर उजेड येतो.
अर्धा डब्यावर पडतो, अर्धा धनराजच्या पायांवर.
तो उशी खिडकीकडून दाराकडं घेऊन झोपायला लागलाय,
त्याबद्दल आम्ही बोललेलो नाही.

मिलची काळी धूळ पानांवर बसते.
मी ओल्या फडक्यानं पुसते,
सहा पानं, दोन्ही बाजूंनी.
ऊन सरकलं की डबा सरकवते,
ताट पत्र्यावर वाजू न देता.