अडखळ

फियाट अकराशे, साल एकोणसाठ, रंग शिळ्या दुधाचा.
उभी असेल तोवर गुणाची.
जागच्या जागी एका सुरात घुरघुरते,
टपावरल्या पेल्यातली कॉफी डुचमळत नाही.
पाय दाबला की मात्र
ठेच.
घशात काही अडकावं तसं क्षणभर सगळं गप्प,
मग खोकून, गचका देऊन, पुढे.

अब्रेहेतबाई म्हणाल्या,
"हिरवा दिवा लागतो, मागचे भोंगे वाजवतात,
आणि ही विचार करत बसते."

अस्मारातल्या प्रत्येक कॅफेचं या गाडीवर मत होतं.
पुतण्या येमाने म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी.
टपालखात्यातून निवृत्त झालेले एकजण म्हणाले, उंची हो,
सव्वादोन हजार मीटरवर हवाच पातळ, मशीन तरी काय करणार.
जणू गाडी कालच मासावाच्या बंदरावरून वर आली होती.
तिघांनी मिळून प्लग बदलले, पॉइंट घासले, कंडेन्सर नवा घातला.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
मेन जेट कुणीतरी तारेनं कोरून ठेवलेला.
तो पाहून गिरमाय मास्तरांनी नुसते डोळे मिटले.

मास्तर बोलताना अडखळायचे.
काही अक्षरं त्यांना दारातच अडवून धरत.
गिऱ्हाइकं घाईनं त्यांची वाक्यं पुरी करून टाकत,
बहुतेक चुकीची.

मी चौदा वर्षांची. माझं काम बॅटरी धरायची
आणि मध्ये बोलायचं नाही.

आधी जेट बदलला.
मग नुसतं ऐकणं. सुरू होताना अडते? नाही.
चढावर? गरम झाल्यावर? नाही.
हलका पाय जड होतो, फक्त त्या वळणावर.
प्लग काढले: भाजक्या बिस्किटाचा रंग.
काजळी नाही, पांढरे पडलेले नाहीत.
मॅनिफोल्डच्या सांध्यांवर तेल सोडून पाहिलं,
कुठून हवा चोरून आत शिरते का. नाही.
मग मशीन बंद. वरचा फिल्टर उतरवला.
"आ... आत बघ."

कार्ब्युरेटरच्या नरड्यात मी उजेड सोडला.
त्यांनी दांडी ओढली.

दार उघडलं की हवा हलकी, ती धावते.
पेट्रोल जड, ते मागे राहतं.
तेवढ्या फटीत घोटभर पाजायला एक चिमुकला पंप असतो;
दांडी ओढताच सुईसारखी धार उडायला हवी.
उडाली नाही.
झोपलेल्या म्हाताऱ्याच्या ओठावरून ओघळावी
तशी एक लाळ.

घोडं इथं पेंड खात होतं.
पंपाची चामडी वाटी सुकून खारीक झालेली.

"गाडी उभी हो... होती?"
"अकरा महिने," बाई म्हणाल्या. "ताडपत्रीखाली. कारण..."
आणि थांबल्या.

येमानेनं तोंड उघडलं. मास्तरांनी पान्हा वर केला,
नुसता वर, कुणावर नाही.
बाहेर मेदेबरात पत्रे ठोकले जात होते,
पूर्वेच्या कड्यावरून धुकं गल्लीत यायला लागलं होतं.
बाईंनी नेत्सेलाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.
गुंडाळलं.

"...शेवटी शेवटी त्यांना हिचा आवाज सोसेना.
ज्यांनी घेतली, त्यांनाच."

मास्तर म्हणाले, "हं."
आणि वाटी टेबलावर ठेवली, हलकेच.

तसला भाग आमच्याकडे कुठला मिळायला.
चांभाराकडून शेळीचं कातडं आणलं,
नाण्याभोवती कापलं, रात्रभर तेलात बुडवलं.
सकाळी धार उडाली ती थेट माझ्या भुवईपर्यंत.
दोन दिवस उशीला पेट्रोलचा वास.

चौकात हिरवा दिवा लागला.
गाडीनं विचार केला नाही, निघाली.
येमाने टाळ्या वाजवत होता, बाई समोर बघत होत्या.
मास्तर कान तिरका करून बसलेले.
"दु... दुसऱ्या गिअरला काहीतरी कुरकुरतंय," म्हणाले.
"मंगळवारी आणा."