डोळ्यांसकट

इगोंबेच्या किनाऱ्यावर चांदण्या रात्री
नावा वाळूवर पालथ्या,
आणि पुरुष जाळी सांधत बसतात, चंद्राला शिव्या देत.
चंद्र असला की दागा फसत नाही.
त्याला काळोख लागतो,
आणि काळोखात एकच दिवा.

माझा बाप मसुंगा रॉकेलचा लावायचा.
आता भाऊ लावतो, सोलरचा, पांढराफटक.
मासा तक्रार करत नाही. उजेड दिसला की येतो.

दिवसा मी संशोधन केंद्रात टाक्या घासते.
एका रांगेवर निळसर काच, दुसरीवर तांबूस.
आत फुरू मासे. नर निळे, नर लाल,
माद्या दोन्हीकडच्या मळक्या, ओळखू न येणाऱ्या.
शोमारी बाईंनी दोनदा सांगितलं,
कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नव्हता:
उथळ पाण्यातलीच्या डोळ्यात जे प्रथिन,
तेच खोल पाण्यातलीच्या,
फक्त शेकडो मण्यांच्या माळेत दोन-तीन मणी वेगळे.
तेवढ्यावर एकीला निळा उठून दिसतो, एकीला लाल.
तेवढ्यावर लग्नं जमतात.
मी म्हटलं, आमच्याकडे गाई मोजून जमतात.
बाई हसल्या, चहा सांडला.

बाप म्हणतो, त्याच्या लहानपणी
छातीभर पाण्यात उभं राहून पायाची नखं दिसायची.
आता शेतांची माती, शहराचं सांडपाणी, वर हिरवी साय.
माद्या चुकायला लागल्या.
जाळ्यात राखेच्या रंगाची पिल्लं येतात, ना इकडची ना तिकडची.
प्रथिन जागच्या जागी आहे, मण्यांसकट.
पाण्यात रंगच पोचत नाही.

आणखीही सांगतात बाई, हात पुसता पुसता:
ऑक्टोपसच्या कातडीतही हे सापडतं.
एका जेलीफिशला चोवीस डोळे, मेंदू मात्र नाही.
सूर्य कधी उतरलाच नाही अशा समुद्रात
एक मासा अडतीस प्रकार बाळगून बसलाय.
मी विचारलं, आपल्याकडे किती?
तीन रंगांचे, म्हणाल्या, आणि एक अंधाराचा.

मग फळ्यावर काढलं.
प्रथिनाच्या खोबणीत एक वाकडा रेणू बसलेला.
उजेडाचा एक कण लागला, की सरळ होतो.
पाहणं म्हणजे मुळात इतकंच.
कुत्र्याचं शेपूट होत नाही, ते हा होतो,
पण एकदाच.
पुन्हा दिसायचं तर पुन्हा वाकवावा लागतो,
आणि जुना पुरत नाही, नवा लागत राहतो.

नवा येतो कुठून?
खाण्यातून, काबुला. पपईतून, रताळ्यातून.
तुमच्या दाग्यातून.

मी फडकं पिळत राहिले.

लुहेंडे चार वर्षांचा होता तेव्हा
दिवेलागणीला भिंतीला धडकायचा.
आम्ही हसायचो. आंधळी कोशिंबीर खेळतोय म्हणायचो.
एकदा चुलीवर हात ठेवलान् त्यानं.
त्या वर्षी मी दागा विकत होते,
सगळा, डब्याच्या तळाचा चुरासुद्धा,
पत्र्याच्या छपरासाठी,
आणि पोराला उगाली, मिठाच्या पाण्यात बुडवून.
दवाखान्यातल्या बाईनं लाल कॅप्सूल कापून
त्याच्या जिभेवर दोन थेंब पिळले,
मला काही बोलली नाही.

ते छप्पर अजून आहे. गळत नाही.

आता एक डबा घरचा. त्याला गिऱ्हाईक नाही.
शहरातल्या बायका डोकी मोडून टाकतात, कडू लागतं म्हणून.
मी तसाच शिजवते, टोमॅटोत, डोळ्यांसकट.
जे डोळे आमच्या दिव्याला भुलून आले,
ते ताटात आमच्याकडे बघतात,
आणि लुहेंडे एकेक उचलून कुरुम कुरुम खातो,
बोटं चाटतो.

काल अमावस्या होती.
भाऊ गेला तशी आम्ही दोघं दगडावर बसलो,
तळ्यावरचे दिवे मोजत.
मी एकोणीसला थांबले.
तो म्हणाला, सव्वीस.
मग जरा वेळाने,
नाही, सत्तावीस, एक आत्ताच लागला, ते बघ.
मी बघितलं तिकडे.
हो म्हटलं.