ठीक

सड्यावरच्या टॉवरमधून
दिवसाला चारच विमानं उतरताना दिसतात.
उरलेला वेळ कातळ, करवंदीच्या जाळ्या,
धावपट्टीवर येऊन भांडणाऱ्या टिटव्या,
आणि पलीकडे समुद्र, त्याला आमची परवानगी लागत नाही.

गोव्याहून फुर्तादचा फोन यायचा.
आधी आकडे, मग बांगडे,
सहा वर्षं हाच क्रम.
त्या संध्याकाळी उलटा झाला.

"वेंगुर्ल्यात आले काय गं बांगडे?"
"आले. बारीक आहेत अजून."
"इकडे ढग दाटलेत, माझं जरा वर काढतो.
तुझं बघशील ना? ठीक?"
"ठीक."

त्याच्या ठीकमध्ये
माझं विमान दहा हजारांवर थांबलेलं होतं.
माझ्या ठीकमध्ये
त्याचं सात हजारांवर.
शब्द एकच, दोन अक्षरांचा,
मधे तीन हजार फूट हवा,
आणि त्या हवेत दोनशे एकसष्ट माणसं
पट्टे बांधून खारे शेंगदाणे खात होती.

ढगात काही दिसलं नाही.
हातात कागदाची पट्टी, तिच्यावर माझंच वळणदार अक्षर:
आठ, आणि खाली जाणारा बाण.
मग वैमानिकाचा आवाज, अजिबात घाई नसलेला,
जसा खऱ्या घाईत त्यांचा असतो.
यंत्र वर जा म्हणतंय, आम्ही जातो आहोत.
दोन्ही विमानांतली यंत्रं परस्पर बोलली होती.
त्यांनी बांगड्यांची चौकशी केली नव्हती.

तीनशे फूट.
आडवं मोजलं तर अर्धा मैल.
आमच्याकडे तेवढ्यात एक वाडीसुद्धा संपत नाही.

चौकशीत टेप लावली.
टाइप केलेल्या प्रतीत बांगडे नव्हते,
त्या जागी लिहिलं होतं: असंबद्ध संभाषण.
मी म्हणणार होते, साहेब, चूक तिथेच आहे,
तुम्ही गाळलंत तिथे.
परक्याचं आपण शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकतो,
ओळखीच्याचं अर्ध्यावर समजून घेतो.
पण त्यांना मिनिटं आणि सेकंद हवे होते.
ते दिले.
तीन महिने मला हेडसेट मिळाला नाही.

आता फुर्ताद फक्त आकडे बोलतो.
मी ते परत म्हणते, तो माझे परत म्हणतो.
मग दोघंही लगेच फोन ठेवत नाही.

पुढच्या हंगामात, मासळीबाजारात,
आवडाक्का खवणेकर कुणाला तरी सांगत होती
लेकाकडून विमानाने परतल्याची गोष्ट, कितव्यांदा कोण जाणे.
"बाजूक्सून दुसरा विमान गेला गो, अगदी हाताभर!
खिडकेत माणसा दिसली. मी हात केलंय.
तिकडसून एकान परत केल्यान."

मी तारीख विचारली नाही.
मला ती ठाऊक होती.
अर्ध्या मैलावरून माणूस दिसत नाही, आवडाक्का,
त्या उजेडात तर नाहीच.
दिसतात ते दिवे, ओळीने, तेही दोन-तीन सेकंद.
हे मी म्हटलं नाही.
हात कुणी केला असेल, याचा विचार मात्र
तिथेच, ओल्या फरशीवर उभ्या उभ्या सुरू झाला
आणि अजून थांबलेला नाही.

तिने वाटा माझ्यापुढे सरकवला.
"आठ आसत."
"आठ," मी म्हणाले,
आणि बोटाने एकेक मोजायला लागले.
ती कोयता पुसता पुसता थांबली.
"इस्वास नाय काय गो माझ्यार?"

आठच होते.
मी पैसे दिले. तिने सुटे परत केले,
ते मात्र न मोजता पर्समध्ये टाकले,
आणि सड्याची चढण चढेपर्यंत
हात तीनदा तिकडे गेला.