सत्तावीस मिळवले तर

सातपूरच्या भाजी मंडईत
रात्री साडेनऊला ओटे रिकामे होतात.
बोडकेमावशींच्या ओट्यावर आम्ही गोणपाट अंथरतो,
कारण तिथली ट्यूबलाइट फडफडत नाही.
कोथिंबिरीच्या काड्या बाजूला सारल्या
की फळा तयार.

आम्ही तिघं, सतरा नंबरचा फॉर्म भरलेले.
तरन्नुम, जिच्या पर्समध्ये पेनापेक्षा
कापडावर खुणा करायचे खडू जास्त.
खैरनारकाका, कंपनीच्या गेटवरचे, शिट्टी अजून गळ्यात;
दहावी झालात तर बघू, म्हणालेत साहेब.
आणि मी,
पोराची कंपासपेटी त्याला न सांगता आणणारी.

पहिला आठवडा मी नुसती मान डोलावली.
कळलं? कळलं.
मग तरन्नुमने खडू माझ्या हातात दिला,
"आता काकांना तू समजाव."
तेव्हा कळलं
काय काय कळलं नव्हतं ते.

काकांना टक्के चटकन यायचे.
पगारातून काय काय कापतात
हे त्यांना पाढ्यासारखं पाठ.
मला क्ष म्हटलं की धडकी भरायची,
क्ष किलो वांगी म्हटलं की नाही.
आणि तरन्नुमला चिन्हं दिसायची.
उलटी पडलेली शिवण लांबून दिसावी
तसं चुकलेलं उणे दिसायचं.
खोड, असं ती कधी म्हणाली नाही.
म्हणायची, उसव.

एका रात्री हे उदाहरण आलं.
दोन अंकी संख्या. अंकांची बेरीज नऊ.
तिच्यात सत्तावीस मिळवले
तर अंकांची अदलाबदल होते.
काकांचं उत्तर त्रेसष्ट.
माझं काहीच नाही, तरी मी म्हटलं, चूक.
ते म्हणाले, "बायकांना ना..."
आणि तिथेच अडले. समोर दोघी होतो.
शिट्टी खिशात घालून चहाच्या टपरीकडे गेले.

तरन्नुमने त्यांची पायरी न् पायरी उसवली.
बरोबरच्या पलीकडे नेताना
एक उणे अलीकडेच राहिलं होतं.
मी ओट्यावर मोठ्ठं लिहिलं:
३६
आणि त्याच्याखाली अधिक २७
आणि रेघेखाली ६३.

काका तीन कटिंग घेऊन आले.
बराच वेळ बघत राहिले दगडाकडे.
"म्हणजे हे पाठीला पाठ लावून बसलेले,"
छत्तीसवर बोट ठेवून म्हणाले,
"आणि सत्तावीस मिळवले की तोंडाला तोंड?"
कोणीच हसलं नाही आधी.
मग तरन्नुमला चहाचा ठसका लागला.
"पासाला पस्तीस लागतात, काका.
छत्तीस आले तरी एक वर."

पुढे मी मोजल्या, आम्ही बसलो त्या रात्री.
सत्तावीस भरतील असं वाटलं होतं.
एकोणीस भरल्या.

त्या सकाळी मात्र मावशी तणतणत होत्या,
"ओट्यावर छत्तीस कोणी लिहिलं गं?
गिऱ्हाईक मेथी छत्तीसलाच मागतंय!"

पेपरला सेंटर पंचवटीत.
होळकर पुलावर रिक्षात तरन्नुमने कोपर मारलं,
"पलीकडे चाललोय. चिन्ह बदललं का?"
काका कडक इस्त्रीत, घामाघूम.
तिघांचे वर्ग वेगळे, मजले वेगळे.

सत्तावीसचं उदाहरण पेपरात नव्हतंच.
नाट्यगृहातल्या खुर्च्या होत्या,
पहिल्या रांगेत वीस, पुढच्या प्रत्येकीत दोन जास्त,
आणि माझं डोकं रिकामं ओट्यासारखं.
पंखा कुरकुरत होता. पर्यवेक्षक बाई जांभई देत होत्या.

मग मनातल्या मनात मी म्हटलं,
हे बघा काका, पहिल्या रांगेत वीस.
ते म्हणाले, बरं.
दुसरीत?
ते म्हणाले, थांब, परत सांग.

मी परत सांगितलं.
दुसऱ्यांदा सांगताना
हात आपोआप लिहू लागला.